रंगवलेले केस सरळ करताना

मेहरूणच्या विहारात रविवारी वंदना झाली की बायका चपला घालता घालता मला काहीबाही विचारतात. बीपी, गुडघे, पाळी. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी सगळ्या जाईपर्यंत मागे थांबली. ओढणी सरकवली तर टाळूवर बोटभर उंचीचे खुंट. घरी काळी मेहंदी लावलेली, त्यावर महिन्याभरात रिबॉन्डिंग. लग्न पंधरा दिवसांवर. पार्लरमध्ये कुणी विचारलं नाही, हिनेही सांगितलं नाही.

"मुळापासून गेले का हो सिस्टर?"

मूळ शाबूत होतं. तुटला होता तो वरचा केस, आणि तो नखासारखा निर्जीव असतो. त्याची इजा भरून येत नाही. 'रिपेअर' लिहिलेली महागडी क्रीम फक्त वरून लेप देते.

केस केराटिन या प्रथिनाचा बनतो, गंधकाच्या बंधांनी बांधलेला. रिबॉन्डिंगचं औषध हे बंध तोडतं, मग केस ताणून इस्त्री करतात आणि दुसऱ्या औषधाने बंध पुन्हा जोडतात. सगळे जोडले जात नाहीत. डायने तर केसावरचं खवल्यांचं आवरण आधीच उचकटलेलं असतं. काही स्वस्त काळ्या मेहंदीत धातूचे क्षार असतात. पेरॉक्साईड लागलं की ते तापतात आणि केस तिथेच तुटतो.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी केसांना आजवर काय काय लावलं ते सगळं सांगा. कानामागच्या एका बटेवर आधी औषध लावून बघायला सांगा. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन परत येत नसेल तर आत्ता नकोच. आधी रिबॉन्डिंग झालं असेल तर फक्त नवीन वाढलेल्या केसांना औषध लावायचं, खालच्या लांबीला पुन्हा नाही.

एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी साधी प्रेसिंग पुरते. केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसात पाणी उकळून आत बुडबुडे होतात. रंगवलेल्या केसांना दीडशे अंशांच्या आसपास बस, आणि एका बटेवरून एकदाच. तेल लावून प्रेस करू नका. तेल धुण्याच्या आदल्या रात्री, तेही खोबरेल: धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. सूर्यफुलाच्या तेलाने तो फायदा दिसला नाही.

'केराटिन ट्रीटमेंट'चं मात्र वेगळं. ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली गाठ आम्ही फॉर्मालिनच्या बरणीत घालायचो, तेव्हा डोळे चुरचुरायचे. पार्लरमध्ये तोच वास आला तर पैसे बुडाले तरी उठा. फॉर्मालिनमधलं फॉर्माल्डिहाईड कॅन्सर करतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच ठरवलं आहे. 'फॉर्माल्डिहाईड नाही' असं लिहिलेल्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापली: तीनदा केस सरळ केले, तिन्ही वेळा किडनीला इजा. त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. उंदरांवर तीच क्रीम लावली तेव्हा किडनीत ऑक्झलेटचे खडे दिसले. ट्रीटमेंटनंतर टाळू भाजल्यासारखी झाली, उलट्या, पाठदुखी सुरू झाली किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी सिव्हिलला जा, क्रिएटिनिन तपासा आणि डॉक्टरांना केसांचं आवर्जून सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे करूच नये.

आणि कुरळे केस हा आजार नव्हे. बायोडाटाच्या फोटोपायी किती मुलींनी टाळू जाळून घेतली, ते मी पाहिलं आहे.

त्या मुलीने केस खांद्यापर्यंत कापले. पांढऱ्या साडीवर गजरा माळला, खुंट झाकले गेले.

मला जास्त काळजी आपल्या वस्तीतून पार्लरमध्ये कामाला जाणाऱ्या पोरींची वाटते. गिऱ्हाईक दोन-तीन तासांत घरी जातं. या मात्र एसीसाठी दारं बंद करून दिवसभर तो धूर घेतात. एकीला दुपारनंतर रोज खोकला येतो. मालकिणीकडे निदान हातमोजे आणि एक्झॉस्ट फॅन मागायचा, असं आम्ही ठरवलंय. येत्या रविवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.