‘सामना’ : एका प्रश्नाचा पाठलाग

खून कोणी केला, हा रहस्यकथेचा नेहमीचा प्रश्न. ‘सामना’ची पटकथा लिहिताना विजय तेंडुलकरांनी त्याला दुय्यम स्थान दिले. गुन्ह्यामागचा हात कोणाचा, हे प्रेक्षक लवकरच ताडतो. त्याला खिळवून ठेवतो तो निराळाच प्रश्न : सर्वांच्या मनात आहे ते मोठ्याने विचारणार कोण?

रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला. त्याची भूमी आहे सहकाराची. प्रवरानगरच्या कारखान्याने १९५० च्या सुमारास जी वाट घालून दिली, तिने शेतकऱ्याच्या हाती पैसा आणि प्रतिष्ठा दिली. मात्र सारी सत्ता एका वाड्यात एकवटण्याचा धोकाही तिच्यातूनच उद्भवला. निळू फुले यांनी साकारलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील हे त्या धोक्याचे मूर्त रूप होय.

या हिंदुरावाच्या गावात डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर येऊन पडतो : एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, आता मद्याच्या आहारी गेलेला. हिंदुराव त्याला आसरा देतो, दारूही पुरवितो. पुढे मारुती कांबळे हे नाव मास्तरांच्या कानी पडते आणि त्या माणसाचे झाले तरी काय, याचा ध्यास त्यांना लागतो. पाहुणा यजमानाचीच दारू पिऊन यजमानालाच अडचणीत आणतो, म्हणून आपण हसतो. परंतु शुद्धीवर असलेले गाव मुके आणि बोलका तेवढा झिंगलेला, हे ध्यानी येताच ते हसू ओठांवरच विरते.

सत्ता आणि हिंसा यांचे नाते हा तेंडुलकरांच्या चिंतनाचा विषय होता. डॉ. पटेलांनीच रंगभूमीवर आणलेले ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आणि पुढे ‘निशांत’ (१९७५), ‘अर्धसत्य’ (१९८३) हे चित्रपट त्याचे साक्षी आहेत. ‘आक्रोश’मध्ये (१९८०) तर वकील विचारीत राहतो आणि आरोपी लहान्या भिकू मौन सोडीत नाही. ‘सामना’त भीतीने गप्प केलेले गाव आहे, ‘आक्रोश’मध्ये भीतीने गप्प केलेला माणूस.

१९ मे २००८ रोजी तेंडुलकर पुण्यात निवर्तले. मारुती कांबळेची चौकशी मात्र मराठी बोलण्यात रुळून गेली आहे. एखादे प्रकरण दडपले जात आहे असा संशय आला, की माणसे आजही त्याचेच नाव घेतात.