शांत दिसणारा समुद्र

मॉरिशसला जाऊन आलेला प्रवासी तेथल्या हवेविषयी हटकून एकच गोष्ट सांगतो: "काय ती हवा! बारा महिने वसंतच!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु समुद्रात उतरणाऱ्याने एवढ्यावर विसंबू नये. त्या बेटाच्या रोजच्या हवामानवृत्तात वारा, पाऊस, लाटा आणि भरती अशा चार गोष्टी असतात. प्रवासी त्यांपैकी पाऊस तेवढा पाहतो, आणि आभाळ निरभ्र दिसले की समुद्रही निर्धास्त, असे धरून चालतो. हा समज कसा चुकीचा आहे, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम वारा घेऊ. मॉरिशस दक्षिण गोलार्धात सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. तेथे वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. जून ते सप्टेंबर हा तेथला हिवाळा, आणि याच काळात या वाऱ्यांना अधिक जोर असतो. कोकणातून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात. आपल्याकडे त्या वेळी पावसाळा सरत असतो, त्यांच्याकडे हिवाळा सरत असतो. सण एकच, पण समुद्र निराळा!

हा वारा समुद्रावरची वाफ घेऊन येतो आणि बेटाच्या मधल्या पठारावर चढताना थंड होतो. म्हणून पठारावरील क्यूरपीप गावी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तेथून वीसएक किलोमीटरांवरचे पोर्ट लुई त्या मानाने कोरडे राहते. आपल्या सह्याद्रीचीच ही लहान आवृत्ती म्हणा ना! त्यामुळे एकाच सकाळी पूर्वेच्या बेल मार किनाऱ्यावर वारा अंगावर वाळू उडवतो, क्यूरपीपला छत्री उघडावी लागते, आणि पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाकला पान हलत नाही. 'आज मॉरिशसची हवा कशी?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी 'कोणत्या किनाऱ्यावर?' असे विचारावे लागते.

आता लाटा. बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीचा पोवळ्यांचा बांध आहे. बाहेरची लाट त्यावर आपटते, फुटते, आणि आतल्या उथळ पाण्यात पोचेपर्यंत तिचे बळ ओसरते. प्रवासी ज्या निळ्या, संथ पाण्याची वाखाणणी करतो, ते या बांधाचे देणे आहे. जेथे बांध नाही तेथे काय होते, हे दक्षिणेच्या ग्री-ग्री येथे दिसते. तेथे महासागर काळ्या खडकांवर थेट आदळतो. पश्चिमेच्या तामारँ येथे तर अधिक चमत्कारिक प्रकार. वारा पडलेला, ऊन स्वच्छ, आणि लाटा मात्र पुरुषभर उंच उठतात! कारण त्या लाटा तेथल्या वाऱ्याच्या नव्हेतच. हजारो किलोमीटर दक्षिणेस झालेल्या वादळांनी त्या काही दिवसांपूर्वी उठवलेल्या असतात. आभाळ इथले, लाट तिथली. मग एकाला पाहून दुसरीचा अंदाज कसा बांधावा?

भरतीचेही तसेच. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. म्हणून भीती नाही, असे वाटते. परंतु बांधावरून लाटांनी आत लोटलेले पाणी कोठून तरी बाहेर पडलेच पाहिजे. ते बांधातल्या खिंडींतून पडते, आणि ओहोटीची त्याला जोड मिळाली की तेथली ओढ भल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. वर पाण्याला सुरकुतीही नसते. म्हणून खिंडीच्या आसपास पोहू नये. ओढीत सापडलेच तर तिच्याविरुद्ध धडपडून दम घालवू नये. तरंगत राहून मदतीसाठी हात करावा आणि जमेल तसे आडवे पोहून ओढीबाहेर पडावे.

शांततेने फसवण्याची परिसीमा होते ती उन्हाळ्यातल्या चक्रीवादळात. फेब्रुवारी १९६० मध्ये 'कॅरोल' वादळ बेटावरून गेले, तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत पोचले होते. वादळाचा डोळा माथ्यावर आला की वारा थांबतो. माणसाला वाटते, संपले. पण डोळा सरकताच वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. वारा पडला एवढ्यावरून बाहेर पडू नये, अधिकृत सूचनेची वाट पाहावी.

आणखी एक गोष्ट. पाण्याचे उष्णमान ऑगस्टात २३ अंशांच्या आसपास आणि फेब्रुवारी-मार्चात २७-२८ अंश असते. उन्हाळ्यातल्या या नेहमीच्या कमाल उष्णमानापेक्षा अवघा एक अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी पोवळी पांढरी पडू लागतात, आणि ती फार काळ टिकली तर मरतात. मेलेला बांध हळूहळू झिजतो. तो झिजला तर वारा तोच, आभाळ तेच, पण लाट थेट घरादारांपर्यंत येईल. बेटावरचा शांत समुद्र हा जिवंत प्राण्यांनी बांधलेला आहे. तो टिकवणे हे तेथल्या रहिवाशांइतकेच, समुद्र तापवणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे.