कृष्णधवल पडद्यावरील भय

कामगार संघटनेत उभी हयात घालविलेल्या मनुष्याने व्याख्यानमालेत भुताखेतांच्या चित्रपटांवर बोलावे, हे काही मंडळींस चमत्कारिक वाटले. ‘तुम्ही बोनसवर बोला, किमान वेतनावर बोला,’ असे एका स्नेह्याने सुचविलेही. परंतु वेतनावर आम्ही वर्षाचे बारा महिने बोलतच असतो. शिवाय भीती हा आमच्या धंद्यातला रोजचा विषय आहे. नोकरी जाण्याची भीती, साहेबाची भीती, आणि कधी कधी खरोखरीच भुताची भीती.

ही शेवटची गोष्ट थट्टेने म्हटलेली नाही. काही वर्षांपूर्वी सातपूरच्या बाजूस एका लहान कारखान्यात डाय उचलताना चेनपुलीची साखळी तुटली आणि एक तरुण कामगार जागीच दगावला. त्यानंतर महिनाभरात तिसऱ्या पाळीत बोलवा उठली, की रात्री दोनच्या सुमारास त्या प्रेसपाशी कोणी उभे असते. माणसे तिकडे जाईनात. मालकांनी मोठ्या तत्परतेने शांत करवून घेतली, नारळ फोडले, पेढे वाटले. चेनपुली मात्र तीच राहिली. आम्ही दोन रात्री तेथे जाऊन बसलो. एक ट्यूब मरणपंथास लागलेली, लुकलुकत होती. बाहेरच्या आवारातील दिव्याचा उजेड खिडकीतून तिरपा आत येत होता. आणि प्रेसच्या वर लोंबणाऱ्या आकड्यावर कोणी रेनकोट अडकवून ठेवला होता. भिंतीवर माणूस उभा! ट्यूब बदलली तेव्हा भूत गेले. चेनपुली बदलावयास मात्र आणखी आठ महिने आणि एक संप लागला.

त्या दोन रात्रींत आम्हांस ‘महल’ चित्रपट वारंवार आठवला. शाळा लवकर सुटलेली. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून आणि वाड्यातील एकुलत्या एका दूरदर्शन संचावर लागणाऱ्या जुन्या चित्रपटांतून. संचही कृष्णधवल, चित्रपटही कृष्णधवल. तेव्हा नुसते घाबरून पाहिले. पुढे ती भीती कशी तयार केली जाते आणि ती कोणाच्या उपयोगी पडते, हे कळू लागले. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम ‘तयार कशी होते’ ते पाहू. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपट काढण्याच्या कितीतरी आधी छायाचित्रांचा धंदा करीत. त्या काळी कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो असा समज होता. बडोद्यास त्यांच्या धंद्याला तो चांगलाच नडला. म्हणजे आपल्याकडे पडद्यावर भूत येण्यापूर्वीच खुद्द कॅमेऱ्याचे भूत झाले होते. फाळके जादूचे प्रयोगही करीत, आणि ‘लंकादहन’ किंवा ‘कालियामर्दन’ यांतील चमत्कार हे त्या हातचलाखीचेच पुढचे पाऊल. पण फाळक्यांचा चमत्कार पाहून प्रेक्षक हात जोडी. पाहणाऱ्याचे हात थंड पडावेत ही कला निराळी. ती जर्मनीत वाढली.

पहिल्या महायुद्धानंतर त्या हरलेल्या, उपाशी देशात १९२० साली ‘डॉ. कॅलिगारीची कोठडी’ आणि १९२२ साली ‘नोस्फेरातू’ हे मूकपट निघाले. पहिल्यात घरे वाकडी, खिडक्या तिरप्या, आणि सावल्या चक्क रंगाने पडद्यांवर काढलेल्या. दुसऱ्यात रक्तपिपासू सरदार जिना चढतो, पण दिसते ती त्याची सावली, लांब बोटांची. ध्वनी नाही, रंग नाही. दोनच वस्तू, उजेड आणि अंधार. स्टुडिओत दिवे सर्व बाजूंनी लावले की चेहरा गुळगुळीत आणि निरुपद्रवी दिसतो. एकच दिवा एका बाजूस ठेवला की अर्धा चेहरा नाहीसा होतो, आणि त्या नाहीशा झालेल्या अर्ध्या भागात काय आहे ते पाहणारा आपल्या मनाने भरू लागतो. दिवा खालून लावला तर ओळखीचा माणूसही अनोळखी होतो. कंदील जमिनीवर ठेवून गोष्टी सांगणाऱ्या आमच्या आजीस हे कोणी शिकविले नव्हते.

ही जर्मन विद्या मालाडला आली ती योझेफ विर्शिंग या छायालेखकाबरोबर. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तो १९३४ च्या सुमारास आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यास स्थानबद्ध केले, आणि सुटून आल्यावर १९४९ च्या ‘महल’चे छायालेखन त्याने केले. दिग्दर्शक कमाल अमरोही. एक ओसाड महाल, त्यात वाट पाहणारी पांढऱ्या वस्त्रांतली स्त्री, झोपाळा, हलणारे झुंबर आणि घड्याळाचे टोले. अशोककुमार तिच्यामागे धावतात आणि मधुबाला सावलीत विरून जाते. आज पाहिले तरी अंगावर काटा येतो. मात्र संवाद फार लांबतात हे कबूल केले पाहिजे.

‘महल’च्या गाण्याविषयी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वीस वर्षांच्या आतबाहेर असलेल्या लता मंगेशकर ते गायल्या. आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून त्यांना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत यावयास सांगितले होते, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आणि ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव काय छापले? ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे! लोकांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा खरे नाव सांगितले गेले. काम करणारा दिसेनासा करण्याची ही रीत आम्हांस कारखान्यांतून चांगली परिचयाची आहे. त्याच बॉम्बे टॉकीजचा डोलारा कोसळू लागला तेव्हा तेथील कामगारांच्या सहकारी संस्थेने १९५४ साली ‘बादबान’ हा चित्रपट काढला होता. तो विषय निराळा. पुन्हा कधी बोलू.

आता भीती कोणाच्या उपयोगी पडते, हा दुसरा प्रश्न. ‘महल’मधली भुताटकी शेवटी माळ्याची मुलगी ठरते. महालात तिला माळ्याची मुलगी म्हणून कोणी विचारणार नव्हते. भूत झाल्याबरोबर मालक तिच्यामागे वेडा झाला. १९६२ चा ‘बीस साल बाद’ शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल कुत्र्याच्या कथेवर बेतलेला. जमीनदाराने गावातल्या मुलीवर अत्याचार केला, ती मेली, आणि आता तिचा आत्मा त्या घराण्यातील पुरुषांचा बळी घेतो असे गाव म्हणते. आत्म्याच्या जागी हाडामांसाचा माणूस सापडतो, पण मूळचा अत्याचार खराच असतो. १९६४ च्या ‘वह कौन थी’ मध्ये पावसाळी रात्री डॉक्टरास रस्त्यात पांढऱ्या साडीतील स्त्री भेटते. मोटारीत बसते, काचेवरचे वायपर बंद पडतात, आणि ती म्हणते रस्ता मला दिसतो आहे. मग स्मशानाचे फाटक आपोआप उघडते. पुढे उलगडते ते मृत्युपत्र: डॉक्टर वेडा ठरला की इस्टेट दुसऱ्याकडे जाते. राज खोसला यांनी हा चित्रपट काढला, के. एच. कापडिया यांनी तो चित्रित केला, आणि त्यातील पाऊस नि धुके हीही पात्रेच आहेत.

हे सर्व पडद्यावरचे म्हणून सोडून देता येत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या एकट्या बाईस डाकीण ठरवितात, तिला मारहाण होते, गावाबाहेर घालवितात. आणि चौकशी केली तर पुष्कळदा मागे तिच्या नावावरील जमिनीचा तुकडा निघतो. महाराष्ट्रात यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा झाल्याने ‘वह कौन थी’मधला डाव जुना झाला असे मात्र नाही.

भूत मुळीच न दाखविता भय उत्पन्न करणे ही पुढची पायरी. १९४४ च्या ‘गॅसलाइट’ या अमेरिकन चित्रपटात नवरा बायकोच्या मावशीचे जवाहीर शोधण्यासाठी वरच्या माळ्यावर गॅसचे दिवे लावतो. त्यामुळे खाली बायकोच्या खोलीतील ज्योत मंद होते. ती म्हणते दिवा मंद झाला, तो म्हणतो तुला भास होतात. हळूहळू तिलाही तसेच वाटू लागते. इंग्रिड बर्गमन या नटीचे काम पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत आज एखाद्याला स्वतःच्या बुद्धीविषयी संशयात पाडण्यासाठी या नावाचेच क्रियापद झाले आहे. कापसाच्या धुळीने दम लागलेल्या कामगाराला ‘तुला मनाचा आजार आहे’ असे ऐकताना आम्ही जेव्हा पाहिले, तेव्हा त्या नवऱ्याचा मऊ आवाज आम्हांस स्पष्ट ऐकू आला.

मराठीत या जातीचा श्रेष्ठ चित्रपट म्हणजे राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला. वकिलाची पत्नी मरण पावली आहे, त्याने स्वतः तिला अग्नी दिला आहे. आणि आता आरोपीच्या पिंजऱ्यात हुबेहूब तिच्यासारखी स्त्री उभी राहून म्हणते, मीच तुमची बायको. काशिनाथ घाणेकर वकील, भावना ती स्त्री. येथे ओसाड वाडा नाही, धुके नाही. आहे ते भरल्या न्यायालयात दिवसाउजेडी प्रश्नोत्तर. नवरा तिला घरच्या खाजगी गोष्टी विचारतो, ती उत्तरे देते, आणि प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर तो अधिक भेदरतो. ती खोटी ठरली तर ठीक. खरी असेल तर त्याने जाळले कोणाला? उत्तर आम्ही सांगणार नाही. याच कथेवर १९६६ साली राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ रंगीत काढला. तो अधिक देखणा आहे, आणि आमच्या मते तेवढाच कमी भयंकर.

रंगाने भय का कमी व्हावे? आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली, रंगीत चित्रपट सर्रास निघत असताना, ‘सायको’ मुद्दाम कृष्णधवल केला. खर्च वाचला हे एक. आणि स्नानगृहातील खुनात लाल रक्त लोकांना सोसले नसते हे दुसरे. ते रक्त म्हणजे चॉकलेटचे पातळ सरबत होते. सुमारे पाऊण मिनिटाचा तो प्रसंग चित्रित करण्यास आठवडा लागला, आणि त्यात सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. हात, पडदा, पाणी, उघडे तोंड, नळाचे भोक, आणि बर्नार्ड हरमनच्या व्हायोलिनांची किंचाळी. खून होतो तो पाहणाऱ्याच्या डोक्यात. कित्येकांनी लाल रक्त पाहिल्याचे शपथेवर सांगितले असते.

आता या सर्वांहून आम्हांस जवळचा तो बिमल रॉय यांचा १९५८ चा ‘मधुमती’. ‘महल’चे संकलन त्यांनीच केले होते, पण ‘मधुमती’ची कथा ऋत्विक घटक यांची, आणि तीत भुताची बाजू बदललेली आहे. लाकडाच्या इस्टेटीवर नवा मॅनेजर येतो; मालक राजा उग्रनारायण, म्हणजे प्राण, आसपासच्या रहिवाशांस चिरडणारा. डोंगरातली मुलगी मधुमती त्याच्या हवेलीतून परत येत नाही. पुरावा नाही, साक्षीदार नाही, पोलीस काय करणार? म्हणून मॅनेजर तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या मुलीस भूत होऊन यावयास सांगतो. रात्री आठला ती येते, राजा घाबरून गुन्हा कबूल करतो, पोलीस त्यास पकडतात. आणि मग ती दुसरी मुलगी धावत येऊन म्हणते, उशीर झाला, वाटेत मोटार बंद पडली! भित्र्या प्रेक्षकांनी हे वाक्य जपून ऐकावे. सबंध हिंदी चित्रपटसृष्टीत साक्ष द्यावयास आलेले असे भूत आम्हांस दुसरे माहीत नाही.

या चित्रपटाचे नाशिक जिल्ह्याशी नाते आहे, ते पुष्कळांस ठाऊक नसते. बाह्यचित्रण नैनितालजवळ घोडाखाल भागात झाले. फिल्म धुऊन पाहिली तर बराच भाग धुरकट निघाला. पुन्हा तेवढ्या लांब सर्व लवाजमा नेणे शक्य नव्हते. तेव्हा कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी इगतपुरीकडे वैतरणेच्या परिसरात खोटी सूचिपर्णी झाडे रोवून हिमालय उभा केला. काही भाग मुंबईच्या आरे कॉलनीत झाला, आणि धुके वायूच्या नळकांड्यांनी सोडले. त्या कामाबद्दल सुधेंदू रॉय यांना फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. झाडे कोणी वाहिली, खड्डे कोणी खणले, त्यांना काय रोज मिळाला, हे श्रेयनामावलीत अर्थातच नाही.

परदेशांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुद्दाम असे चित्रपट पाहण्याची चाल आहे. आपल्याकडील काही तरुण मंडळीही ती पाळू लागली आहेत. आमची काही हरकत नाही. मात्र हातातल्या फोनवर, लोकलमध्ये, अर्धवट पाहू नये. खोलीत पूर्ण अंधार करावा, आवाज मोठा ठेवावा, मध्ये चहाला उठू नये. प्रथम ‘पाठलाग’ पाहावा, मग ‘महल’, आणि घरात वृद्ध मंडळी असतील तर ‘सायको’ त्यांना झोपवून.

आम्ही गेल्या वर्षी युनियनच्या कचेरीत भिंतीवर चादर लावून ‘मधुमती’ दाखविला. तीसेक माणसे होती. घोटीकडचा एक जुना फिटर मधेच उठला आणि चित्र मागे न्यावयास सांगू लागला. एकदा नेले, दोनदा नेले. भूत पडद्यावर येऊन उभे होते, सगळी कचेरी श्वास रोखून बसलेली, आणि हा गृहस्थ चादरीजवळ जाऊन झाडांच्या मागचा डोंगर कोणता ते ओळखत होता.