डास, गोमाशी आणि रक्तातले जंतू



डास चावला की खाज सुटते आणि गोमाशी चावली की बैल शेपटी मारतो, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण काही डास व माश्या रक्त पिता पिता एकाच्या रक्तातले जंतू दुसऱ्याच्या अंगात सोडतात. हे जंतू म्हणजे किडे नव्हेत. ते एकाच पेशीचे जीव असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुसऱ्याच्या अंगात राहून जगतात म्हणून त्यांना परजीवी म्हणतात.

आपल्या ओळखीचा परजीवी म्हणजे हिवतापाचा. तो अ‍ॅनाफिलीस जातीच्या डासाची मादी पसरवते. नर बिचारा फुलांचा रस पितो. मादीला मात्र अंड्यांसाठी रक्त लागते. भिंतीवर बसली की ती मागचा भाग वर उचलून धरते, त्यावरून ओळखावी. रोग्याचे रक्त प्याल्यावर तिच्या पोटात परजीवी दहा ते पंधरा दिवस वाढतात, मग तिच्या लाळेत येतात. ती पुन्हा चावली की ते माणसाच्या यकृतात जातात आणि तिथून तांबड्या पेशींत शिरतात. पेशी एकदम फुटल्या की थंडी वाजून दात वाजू लागतात. 1880 साली लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियात हा परजीवी माणसाच्या रक्तात पाहिला. पुढे 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. 1902 साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात लपून बसतात. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर तो महिन्यांनी परत येतो. आशाताई चौदा दिवसांच्या गोळ्या देतात त्या याचसाठी. काही जण चौथ्या दिवशीच पुडी आढ्याला खोचून ठेवतात!

आता बैलांचे सांगतो. यंदा रोवणीच्या तोंडावर आमचा सर्जा आजारी पडला. अंग तापले, डोळ्यांतून पाणी, वैरणीला तोंड लावीना. दुसऱ्या दिवशी दाव्याभोवती गरगर फिरू लागला. आजोबा म्हणाले, "बैल फिरून राह्यला, डाग द्या, बरा होईल." विळा तापवायला चूलही पेटली होती. बाबा म्हणाले, "आबाजी, आधी डॉक्टरला दाखवू, मग पाहू." दोघांत बरीच बोलाचाली झाली. आजोबांनी जन्मभर बैल सांभाळले आहेत, त्यांना जनावरांचे पुष्कळ कळते. पण तापल्या लोखंडाने कातडी जळते, रक्तातला जंतू मरत नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी सर्जाच्या कानाचे थेंबभर रक्त काचेवर घेतले. मी बाबांसोबत दवाखान्यात गेलो, तेव्हा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. गोल गोल पेशी दिसत होत्या, आणि त्यांना ढकलत काहीतरी वळवळत होते, बांधीतल्या चिखलात मासोळी वळवळावी तसे. डॉक्टर म्हणाले, "हा सर्रा." हा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यांनी 1880 सालीच डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधला. ते गाव आज पाकिस्तानात आहे. म्हणजे हिवतापाचा आणि सर्राचा जंतू एकाच वर्षी सापडला!

सर्रा पसरतो तो गोमाशीमुळे, पण डासासारखा नव्हे. माशीच्या पोटात हा जंतू वाढत नाही. माशी चावते तेव्हा दुखते, म्हणून बैल तिला हाकलतो. तिचे पोट भरलेले नसते, ती लगेच शेजारच्या बैलावर बसते आणि तोंडाला लागलेले ताजे रक्त त्याच्या जखमेत जाते. म्हणून डॉक्टरांनी सर्जाला राजापासून दूर बांधायला सांगितले. राजाचे रक्त तपासले, ते चांगले निघाले. सर्जाला इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी त्याने हिरवा चारा खाल्ला, पण जुवाखाली घालण्याजोगा झाला नाही. आमची चिखलणी काकांच्या बैलाने झाली.

आईने डॉक्टरांना विचारले, "हा रोग पोरांना लागन का?" डॉक्टर म्हणाले, सहसा लागत नाही, कारण माणसाच्या रक्तात हा जंतू मारणारे एक प्रथिन असते. पण 2004 साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो लागला. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. शेवटी रक्तात सर्राचा जंतू दिसला. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर देतात ते सुरामिन नावाचे औषध देऊन त्यांना बरे केले. त्यांच्या रक्तात ते प्रथिनच नाही, असे 2006 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या भागातल्या अठराशेहून अधिक लोकांचेही रक्त तपासले होते. पुष्कळांच्या रक्तात जंतूशी संबंध आल्याच्या खुणा होत्या. ज्यांच्यात त्या खुणा ठळक होत्या त्यांचे रक्त पुन्हा बारकाईने पाहिले, पण जंतू कुणातच सापडला नाही. हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला.

गोचिडाचेही थोडे सांगतो. त्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला. पण रक्तातले परजीवी तोही पसरवतो. त्यातल्या एका रोगात गाईची लघवी तांबडी होते. दुसऱ्यात गाठी सुजतात आणि जर्सी आणि संकरित गाई त्याने लवकर दगावतात. काही जातींचे गोचीड भिंतीच्या भेगांत लपतात. आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीच्या भेगा बाबांनी आणि मी शेणमातीने बुजवल्या आहेत. पुढची भिंत अजून राहिली आहे.