दम कुठे अडतो, घेताना की सोडताना?

चिनी वैद्यकातली एक जुनी शिकवण पहिल्यांदा कानावर पडली की माणूस चक्रावतो. ती सांगते की श्वास चालवतात फुप्फुसं, पण त्याचं मूळ मूत्रपिंडांत असतं. आत आलेला श्वास मूत्रपिंडांनी खाली ओढून धरला नाही तर तो वरच्यावर राहतो. मग माणूस सोडतो जास्त आणि घेतो कमी. दमेकऱ्याची छाती तपासायची सोडून कमरेकडे बघणारं हे शास्त्र आहे तरी काय?

आधी शरीराकडे बघू. आपण मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा, म्हणजे दिवसाला वीसेक हजार वेळा श्वास घेतो आणि दर खेपेला जेमतेम अर्धा लिटर हवा आत येते. तरीही छातीच्या पोकळीला फुगवू शकेल असा एकही स्नायू फुप्फुसांत नाही! ती स्वतःहून फुगत नाहीत, त्यांना फुगवावं लागतं. हे काम मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामध्ये ताणलेला घुमटाकार पडदा, म्हणजे श्वासपटल, करतं. लोहाराच्या भात्यासारखं ते खाली ओढलं जातं आणि हवा आत शिरते. या पडद्याची मुळं थेट कमरेच्या वरच्या मणक्यांना धरलेली असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं असतात. दीर्घ श्वास घेतला की मूत्रपिंडंही दोन-चार सेंटिमीटर खाली सरकतात. रक्तातली आम्लता सांभाळण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून करतात. जुनाट आजारात फुप्फुसांना कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर टाकता येईनासा झाला, की मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखून रक्ताचा तोल सावरतात.

जुन्या चिनी वैद्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं ‘मूत्रपिंड’ म्हणजे वाढ, वार्धक्य आणि साठवलेलं बळ यांची सांगड घालणारी एक कल्पना होती. त्यामुळे विज्ञानाने त्यांचं म्हणणं सिद्ध केलं असं म्हणता येणार नाही. पण श्वासाचं बळ फुप्फुसांच्या बाहेर शोधायला हवं, हे त्यांनी केवळ रोग्याकडे बघून ओळखलं होतं. आपल्याकडेही चरकाने श्वासरोगाचा उगम छातीत न सांगता पित्तस्थानात, म्हणजे पोटाकडे, सांगितला आणि त्याचे पाच प्रकार केले. त्यातला श्रमाने लागणारा, फारसा त्रास न देणारा तो क्षुद्रश्वास. दोन संस्कृतींना श्वासाचा माग काढता काढता छातीच्या खाली उतरावंसं वाटलं, ही साधी गोष्ट नव्हे.

चिनी वैद्याची तपासणी त्याहून विलक्षण. मिंग राजवटीतल्या चांग चिंग-युए या वैद्याने (१५६३–१६४०) धाप लागण्याचे दोन प्रकार स्वच्छ वेगळे केले. एका प्रकारात श्वास लांब आणि जोरकस असतो, छाती भरून आलेली असते आणि श्वास बाहेर टाकला की बरं वाटतं. ही भरलेली धाप. दुसऱ्यात श्वास आखूड असतो, एकाला दुसरा जोडला जात नाही आणि एक खोल श्वास आत घेता आला की बरं वाटतं. ही रिती धाप. वर्ध्याच्या एखाद्या दवाखान्यात कुणी म्हातारबा म्हणाले, “दोन पायऱ्या चढलो का दम भरते, डॉक्टर,” तर चिनी वैद्य आधी त्यांचा आवाज ऐकेल. वाक्य संपेपर्यंत तो विरतो का? काही न करता घाम फुटतो का? वरचेवर सर्दी होते का? मग मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी किती दबकी लागते ते बघेल.

दोन प्रकारांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. भरलेल्या धापेला मोकळं करणारी मा-हुआंग ही वनस्पती देतात. जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळं केलं. १९२४ मध्ये चेन केहुई आणि कार्ल श्मिट यांनी पेकिंगमध्ये केलेल्या अभ्यासानंतर ते जगभर दम्यावर वापरलं जाऊ लागलं. आपल्या कुंपणाकडेच्या अडुळशाची गोष्टही अशीच. त्यातल्या व्हासिसिनवरून ब्रोमहेक्सिन घडलं आणि ते आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. रित्या धापेला मात्र मा-हुआंग चालत नाही. जे आधीच कमी आहे ते आणखी उधळून कसं चालेल? तिथे बू-फेई-थांगसारखा काढा देतात. त्यात बळासाठी जिनसेंग आणि हुआंग-ची, मुळासाठी शिजवलेली रेहमानिया, श्वास धरून ठेवायला वू-वेई-त्झची आंबट फळं, कफासाठी अ‍ॅस्टरची मुळं आणि आपल्याकडे रेशीमशेतीत लावतात त्या तुतीच्या मुळाची साल असते. सहांपैकी निम्म्याहून अधिक वस्तू भरून काढणाऱ्या किंवा धरून ठेवणाऱ्या आहेत.

सर्वांत देखणा उपचार उन्हाळ्यातला आहे. चांग लू या वैद्याच्या १६९५ च्या ग्रंथात तो सापडतो. थंडीत उसळणाऱ्या दम्यावर भर उन्हाळ्यात, माणूस बरा असताना, पांढऱ्या मोहरीची पूड इतर औषधांसह आल्याच्या रसात कालवून पाठीच्या वरच्या भागावर लावायची. कातडी चुणचुणते, दुखते, पण लेप लगेच पुसायचा नाही. तीन उदबत्त्या जळेपर्यंत थांबायचं आणि दर दहा दिवसांनी असं तीनदा करायचं. चीनमध्ये आजही जुलै-ऑगस्टच्या दिवसांत या लेपासाठी रांगा लागतात. त्याने किती गुण येतो याचे पक्के पुरावे तोकडे आहेत, शिवाय कातडीवर फोड येऊ शकतात, म्हणून घरी करून बघण्याचा हा प्रकार नाही. पण यामागचा विचार आजच्या डॉक्टरांनाही पटेल. दमा रोखण्यासाठीचा रोजचा इन्हेलर अटॅकची वाट न बघता बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो. कितीतरी रोगी नेमके इथेच चुकतात.

आता पुन्हा वर्ध्याकडे येऊ. तिथल्या मातीत श्वासाचा इतिहास मोठा आहे. समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव यांना दम्याने जन्मभर छळलं. १९४२ मध्ये ते उपचारांसाठी काही महिने वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात राहिले आणि स्वतः गांधीजींनी त्यांच्याकडे लक्ष पुरवलं. मोजका आहार, माती-पाणी आणि मोकळी हवा हीच गांधीजींच्या निसर्गोपचाराची मात्रा. त्याच ऑगस्टमध्ये नरेंद्र देवांना अटक झाली आणि तो अशक्त श्वास घेऊन ते अहमदनगरच्या किल्ल्यात राहिले. त्या वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये रुग्णांची सेवा करत होते. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या ज्या वैद्यकीय पथकात ते होते, त्यात वर्ध्याशेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसूही. बसूंनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं. दम्याच्या रोग्याला पाठीवर, मनगटापाशी आणि बेंबीखाली सुया टोचण्याची चिनी रीत आपल्याकडे पोचली त्यात या पथकाचा वाटा आहे.

पण श्वासावरचा वर्ध्याचा सर्वांत दूरदर्शी उपाय औषधात नव्हता, तो चुलीत होता. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत धूर नळीवाटे घराबाहेर काढणारी ‘मगन चूल’ घडवली. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात. कोंदट स्वयंपाकघरात त्यांच्या धुराशी उभं आयुष्य काढलेल्या बाईची फुप्फुसं विडीला हात न लावताही निकामी होऊ शकतात. हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांनी कापसाच्या धुळीचं दुखणंही दाखवलं असणार. या आजाराची खूण अशी: सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. इथे जिनसेंग काय करणार? आधी धूर आणि धूळ हटली पाहिजे.

म्हणून मला चिनी वैद्यकाच्या औषधांहून त्याचा प्रश्न मोलाचा वाटतो. दम लागतो एवढ्यावर न थांबता तो कधी लागतो, घेताना अडतो की सोडताना, आवाज विरतो का, हे नीट टिपून डॉक्टरांना सांगा. स्पायरोमेट्री करून घ्या, कारण नळीत फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते यावरून श्वासनळ्यांतला अडथळा आकड्यांत कळतो. कुठलाही काढा सुरू करण्यापूर्वी विचारा आणि इन्हेलर मनाने बंद करू नका. श्वासपटल हा स्नायू आहे आणि इतर स्नायूंसारखा तोही मेहनतीने सुधारतो. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, रोज चालणं, ताई-चीसारख्या संथ हालचाली यांनी जुनाट श्वासरोगाच्या रोग्यांना चालण्याची ताकद मिळते, हे आता अभ्यासांतूनही दिसतं आहे. आजार उसळतो तेव्हा औषध लागतंच, पण श्वासाचं बळ उरलेल्या शांत महिन्यांत कमवायचं असतं.