बारावीतल्या ताई

केंद्र सरकारच्या 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' योजनेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी अंगणवाडी सेविकेसाठी किमान शिक्षण बारावी उत्तीर्ण असं ठरवलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्रानेही हीच अट लागू केली. सेविका जास्त शिकलेली असावी याबद्दल कुणाचं दुमत नसेल. पण ही बारावी कोणत्या विषयांची, याबद्दल अट काही बोलत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं लहान मुलांचा विकास, त्यांचे खेळ आणि त्यांचा आहार शिकलेली मुलगी आणि त्याच दोन वर्षांत पुस्तपालन व चिटणीसाची कार्यपद्धती शिकलेली मुलगी या अटीपुढे सारख्याच ठरतात.

उच्च माध्यमिक स्तरावर बालशिक्षणाचं व्यवसाय शिक्षण द्यावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. त्याचा आढावा घेताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. या शिक्षणाचा प्राण म्हणजे हाताशी असलेली खरी बालवाडी, आणि त्याची पत ठरते शेवटी मिळणाऱ्या जागेवरून. पहिली गोष्ट आपल्याला चांगली जमली होती; ती वाटेत निसटली. दुसरी अजून नीट हाती आलेलीच नाही.

भावनगर ते कोसबाड

पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडताना विधवांना पोटापाण्याचं शिक्षण देण्याचा विचार त्यांच्या मनात होता. मात्र पूर्वप्राथमिक शिक्षिका घडवण्याच्या कामाला रीतसर वळण लागलं ते भावनगरात. गिजुभाई बधेकांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या आणि पुढे बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिरही उभं राहिलं. शिकणाऱ्याने सकाळी मुलांमध्ये बसायचं, पाहिलेलं टिपायचं आणि मग त्यावर चर्चा करायची, अशी तिथली रीत होती. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि ताराबाई मुंबईत आल्यावर दादरच्या शिशुविहारात हेच काम मराठीतून पुढे चालू राहिलं.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. दशकभराने हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेने पाड्यावर, त्यांच्या अंगणात जावं, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे आणि पानं आली.

साधनं परिसरातली झाली, तशा शिकवणाऱ्याही परिसरातल्याच हव्यात, हा त्याच विचाराचा दुसरा भाग होता. वारली बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी आपलंसं करायचं, तर त्याची बोली कळणारी ताई हवी. मग तिचं स्वतःचं शालेय शिक्षण थोडं असलं तरी चालेल, प्रशिक्षण मात्र कसून झालं पाहिजे. साठच्या दशकात भारतीय बालकल्याण परिषदेने देशभर चालवलेल्या बालसेविका प्रशिक्षणाचा रोखही बेताचं शिक्षण झालेल्या बायकामुलींना या कामासाठी तयार करण्याकडे होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी कागदावर आली. योजना पसरत गेली तसं सेविकांना आधी नेमायचं आणि प्रशिक्षण सवडीने द्यायचं, असा क्रम रूढ झाला.

किमान कौशल्याची वर्षं

कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्यावर भर दिला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आकडे ठरवून टाकले: उच्च माध्यमिक स्तरावरचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत यावेत. १९९२ मध्ये ही मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलावी लागली, आणि नव्या मुदतीतही उद्दिष्ट गाठता आलं नाही.

१९८८च्या केंद्रपुरस्कृत योजनेनंतर महाराष्ट्रात 'किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम' जोमाने वाढले. सगळे त्यांना एमसीव्हीसी म्हणूनच ओळखतात. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य आणि वैद्यकीय गटांबरोबर त्यात गृहशास्त्राचाही गट होता. 'क्रेश अँड प्री-स्कूल मॅनेजमेंट' हा अभ्यासक्रम याच गटातला. पाळणाघर आणि बालवाडी चालवण्याची तयारी कनिष्ठ महाविद्यालयातच व्हावी, ही त्यामागची कल्पना. कला व विज्ञान शाखांत 'बालविकास' हा विषय होताच. पण तो अभ्यासायचा विषय होता, तर हा पोट भरण्याचा. पुढे एमसीव्हीसीचं नाव एचएससी व्होकेशनल झालं, अभ्यासक्रमांची फेरमांडणी झाली आणि बालकांची देखभाल, वृद्धांची शुश्रूषा व आरोग्यसेवा एकाच विषयात बांधण्यात आल्या. देखभालीचं काम म्हणून तिन्ही एकत्र येतात हे खरं. पण या मोळीत बालशिक्षणातल्या 'शिक्षण' या अर्ध्या भागावर अन्याय झाला.

कागदावर या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकाला मोठं स्थान होतं. ऑन द जॉब ट्रेनिंग होतं. शिकाऊ उमेदवारी कायद्यातल्या १९८६च्या दुरुस्तीने बारावी व्यवसाय शाखेतून बाहेर पडणाऱ्यांना वर्षभराच्या उमेदवारीची वाटही मोकळी झाली होती. अडचण व्हायची ती वेळापत्रकात. बालवाडी भरते सकाळी, आणि कॉलेजचे तासही सकाळीच. मग प्रात्यक्षिक जर्नलमध्ये उतरायचं: तक्ते, चिकटकाम, कापडी बाहुल्या, सजवलेली फाईल. प्रत्यक्ष मूल न हाताळताही जर्नल पूर्ण होऊ शकतं. परीक्षकाला दाखवण्यासाठी बनवलेली बाहुली आणि तीस मुलांच्या हातांतून महिनाभर फिरून फाटलेली बाहुली यांतून मिळणारं शिक्षण एकसारखं नसतं.

सोळाव्या वर्षी काय शिकता येतं

'मुलं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण?' हा या विषयाला चिकटलेला सर्वांत जुना शेरा. धाकटी भावंडं सांभाळलेली मुलगीही तोच शेरा मनात घेऊन वर्गात येते. म्हणून पहिला धडा असतो निरीक्षणाचा. 'राजू हट्टी आहे' असं न लिहिता, 'राजूने लाल ठोकळा तीनदा मागितला, मिळाला नाही तेव्हा तो दाराशी जाऊन बसला' असं लिहायला शिकायचं. मत आणि घडलेली गोष्ट यांतला हा फरक पक्का व्हायला महिने लागतात, आणि तो पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.

मग येते कामाची कुसर. मणी ओवणं, बिया निवडणं किंवा माती मळणं यांतून बोटांचे बारीक स्नायू तयार होतात आणि पुढे पेन्सिल धरणं सोपं जातं. बडबडगीतातल्या यमकांतून कान आवाज वेगळे करायला शिकतो, आणि वाचनाचा पाया तिथे पडतो. भातुकलीत मूल भाषा, क्रम आणि दुसऱ्याची भूमिका असं सगळं एकदम वापरतं. गोष्ट सांगताना कुठे थांबायचं, मधेच रडू लागलेल्या मुलाकडे गोष्ट न तोडता कसं पाहायचं, हात धुण्याची रांग कशी लावायची, हे कुठल्याही पुस्तकात नेमकं सापडत नाही.

सर्वांत कठीण धडा पालकांचा असतो. तीन वर्षांच्या मुलाने एबीसीडी गिरवलीच पाहिजे, हा आग्रह खेड्यात आहे तसाच शहरातही. त्यापुढे सतरा वर्षांच्या ताईने 'अजून नको' म्हणायचं, तर त्यामागचं कारण तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. कारण ठाऊक नसलेली ताई आठवडाभरात पाटी-पेन्सिल हातात देऊन मोकळी होते.

दुसरीकडची एक रीत

अमेरिकेतल्या काही हायस्कूलमध्ये शाळेच्या आवारातच छोटी बालवाडी चालते. शिक्षकांची आणि शेजारपाजारची मुलं तिथे येतात, आणि प्रशिक्षित शिक्षिकेच्या देखरेखीखाली विद्यार्थी पाळीपाळीने काम करतात. बालसंगोपन क्षेत्रात तिथे 'चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट' ही पात्रता मानली जाते. १२० तासांचं प्रशिक्षण, मुलांसोबत ४८० तासांचा अनुभव, स्वतःच्या कामाची संचिका आणि प्रत्यक्ष पाहणी यांवर ती मिळते. २०११ पासून व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली झाली. तिथेही या कामाचे पगार तुटपुंजे आणि काम करणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यामुळे सगळं आलबेल आहे असं नव्हे. तरी शाळा सोडताना विद्यार्थ्याच्या हाती असा कागद असतो, ज्याच्याकडे नोकरी देणारा निदान पाहतो.

कागद आहे, दार कुठे?

आपल्याकडेही आता कागद मिळू लागले आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या कौशल्य विषयांत बालसंगोपन व बालशिक्षण आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असं म्हटलं. त्याच धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली आहे. २०२३ साली 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आला आणि अंगणवाडीतलं शिकवणं पुन्हा चर्चेत आलं. पण एकाच धोरणातल्या या दोन वाटा कुठे मिळत नाहीत. अकरावी-बारावीत शिकलेलं त्या सहा महिन्यांत वळतं करून मिळेल का, याचं उत्तर विद्यार्थिनीला माहितीपत्रकात सापडत नाही.

नोकरीची चौकटही विचित्र आहे. सेविका त्याच गावची रहिवासी हवी. बोली आणि विश्वास यांच्या दृष्टीने ही अट शहाणपणाची आहे. मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी माहेरी शिकलेली मुलगी लग्नानंतर दुसऱ्या गावी जाते. तिथे जागा केव्हा निघेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि निघाली तरी तिच्या प्रशिक्षणाला किमान अटीत वजन नसतं. मोबदला अजून मानधन याच नावाने मिळतो. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या हिशेबात सेविकेचं मानधन महिना ४,५०० रुपये होतं. राज्यं त्यात आपली भर घालतात. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. खासगी नर्सरीत जागा पटकन मिळते, पण तिथला पगार ठरतो मालकाच्या मर्जीवर.

यावर उपाय शोधायला नवं धोरण लागणार नाही. हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला जवळची एक अंगणवाडी जोडून द्यावी आणि आठवड्यातल्या दोन सकाळी तासांतून मोकळ्या ठेवाव्यात. अंगणवाडीच्या सेविकेलाच प्रशिक्षक मानून तिला त्याचा वेगळा मोबदला द्यावा. तिचा वीस वर्षांचा अनुभव आज कुठल्याच अभ्यासक्रमात जमा होत नाही. भरतीच्या गुणांकनात बारावीच्या या विषयाला ठळक गुण द्यावेत. आणि मुलग्यांना हा विषय घ्यायला मुद्दाम बोलवावं. ते सगळेच बालवाडीत नोकरी करणार नाहीत, पण त्यांतले बहुतेक पुढे बाप होतील, आणि निरीक्षणाची वही त्यांनाही तितकीच लागेल.

यातली सर्वांत स्वस्त गोष्ट गुणांकनाची आहे. तिला एक शासन निर्णय पुरतो. तो निघाला, तर पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीला हा विषय 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून' घ्यावा लागणार नाही.