श्रीमंतांचा किनारा, सर्वांची वाट

फ्रेंच रिव्हिएरा म्हटले की शुभ्र नौका, मोनाकोचे जुगारगृह आणि चित्रतारकांचे बंगले डोळ्यांसमोर उभे राहतात. ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असे समजून अनेक कुटुंबे युरोपच्या सहलीतून हा किनारा वगळतात. प्रत्यक्षात नीस ते माँतों हा सुमारे ३० किलोमीटरचा पट्टा आजी-आजोबा आणि मुलांसह मोटारीने निवांत पाहता येतो. त्यासाठी तेथील रस्त्यांची रचना तेवढी आधी समजून घ्यावी.

येथे आल्प्सचे डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट जागा नसल्याने डोंगरउतारावर एकाच्या वर एक असे तीन रस्ते काढले गेले. त्यांना ‘कोर्निश’ म्हणतात. खालचा रस्ता समुद्रकाठच्या गावांतून जातो. तो सुंदर आहे, पण उन्हाळ्यात वाहनांची गर्दी फार. मधला रस्ता कड्यावर वसलेल्या एझ या जुन्या गावापाशी नेतो. सर्वांत वरचा नेपोलियनच्या काळातला. त्यावरील ला तुर्बी येथे रोमन सम्राट ऑगस्टसचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे विजयस्मारक आहे.

जाताना मधला आणि येताना वरचा रस्ता घ्यावा, म्हणजे दोन्हींचा आनंद मिळतो. मात्र फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात आणि वळणे तीव्र आहेत, हे विसरू नये. मोनाकोच्या राजघराण्यातील ग्रेस केली यांचा १९८२ मध्ये मृत्यू झाला, तो ला तुर्बीहून उतरणाऱ्या अशाच रस्त्यावरील मोटार अपघातानंतर. दहा वर्षांखालील मुलांना तेथील नियमाप्रमाणे मागेच, योग्य आसनावर बसवावे लागते.

आता प्रश्न समुद्राचा. हा किनारा प्रथम प्रसिद्धीस आला तो थंडी टाळण्यासाठी येणाऱ्या इंग्रज धनिकांमुळे. १८६४ मध्ये नीसला रेल्वे पोहोचली आणि ही वर्दळ वाढली. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हापासून सामान्य कुटुंबांनाही समुद्राची सुट्टी शक्य होऊ लागली. पुढे १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या खासगी जमिनीतून पादचाऱ्यांसाठी तीन मीटर रुंदीच्या वाटेचा हक्क दिला. त्यामुळेच काप फेरा या अतिश्रीमंतांच्या भूशिरालाही कोणीही, एक पैसा न देता, पायी वळसा घालू शकतो. मोटार उभी करून दोन-तीन तास या वाटेसाठी राखून ठेवावेत. पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत आणि समुद्र खवळलेला असताना जाऊ नये.

माँतोंच्या अलीकडे काप मार्तें येथे अशीच एक वाट आहे. तिच्या कडेला, चंडीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांनी १९५२ मध्ये स्वतःसाठी बांधलेली लाकडी झोपडी दिसते. तिची एकच खोली आहे. लांबी-रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर. २०१६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. या किनाऱ्याचा आनंद घ्यायला किती जागा आणि किती पैसा लागतो, हे मुलांना समजावून सांगायचे असेल, तर ही झोपडी अवश्य दाखवावी.